प्रश्न तुमचे: रक्ताच्या मूळपेशी आणि जनुकांवरची कुलपे

अस्थिमज्जा, रक्ताच्या मूळपेशी आणि 'एपिजेनेटिक्स' (डीएनएचा मजकूर न बदलता जनुके उघडी किंवा बंद ठेवणाऱ्या खुणा) या विषयावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रांत आजारपणाचे तपशील असल्यामुळे नावे दिलेली नाहीत. उत्तरांत औषधांची मात्रा आली आहे ती हिशेब कळावा म्हणून. तुमची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील.

सगळ्या पेशींत डीएनए एकच असतो असे शिकवतात. मग एकाच मूळपेशीपासून तांबडी पेशी, पांढरी पेशी आणि प्लेटलेट असे वेगवेगळे कसे निघते? – बारावीची विद्यार्थिनी, कर्वेनगर

शिकवतात ते जवळपास खरे आहे. ठळक अपवाद दोन. 'बी' आणि 'टी' पेशी आपल्या डीएनएचा थोडा भाग कापून पुन्हा जोडतात आणि तयार झालेली तांबडी पेशी केंद्रकच टाकून देते. बाकी सगळीकडे मजकूर तोच असतो. फरक पडतो तो कुठला मजकूर उघडा आणि कुठला बंद यात.

पेठेतला जुना वाडा डोळ्यांसमोर आण. खोल्या ठरलेल्या, पण एखाद्या दाराला कुलूप, एखाद्याला नुसती कडी आणि एखादे दार लोटून ठेवलेले. पेशीतही बंद करण्याचे असेच दोन-तीन प्रकार आहेत. सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांच्या एका गठ्ठ्याभोवती १४७ अक्षरजोड्या, असे लाखो गठ्ठे. या हिस्टोनांच्या शेपट्यांवर रासायनिक खुणा बसतात. एच-३ हिस्टोनच्या ४ क्रमांकाच्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मेथिल गट (कार्बनची छोटी खूण) असले तर जनुकाचे दार उघडे समजायचे, २७ क्रमांकावर असले तर कडी लागली. ही कडी लावणारे प्रथिन ईझेडएच-२. तिसरा प्रकार खऱ्या कुलपाचा: डीएनएमधल्या 'सी' अक्षरालाच मेथिल गट चिकटतो, तोही बहुतेक करून पुढचे अक्षर 'जी' असेल तिथे. पेशी दुभंगताना डीएनएमटी-१ हे विकर (एन्झाइम) जुनी साखळी पाहून नव्या साखळीवर तशीच कुलपे लावत जाते. ही नक्कल करण्याची गोष्ट लक्षात ठेव, खाली औषधाच्या उत्तरात ती पुन्हा लागेल.

मूळपेशीत तांबड्या वंशाची आणि पांढऱ्या वंशाची पुष्कळशी दारे लोटलेली असतात. म्हणजे ४ आणि २७ या दोन्ही खुणा एकाच जागी, उघडायचे की लावायचे हे अजून न ठरलेले. गाटा-१ या नियंत्रक प्रथिनाचे पारडे जड झाले की पेशी तांबड्या वाटेला लागते, पीयू-१ चे झाले की पांढऱ्या. दोघे एकमेकांना दाबतात, त्यामुळे निर्णय अर्धवट राहत नाही. वाट ठरली की दुसऱ्या वाटेच्या दारांना आधी कडी आणि मग कुलूप.

प्रौढ माणसात रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात. त्या मूळपेशी थेट बनवत नाहीत. मज्जेतल्या दहा हजार पेशींत मूळपेशी एखादीच, आणि तीही काही महिन्यांतून एकदा दुभंगते. गुणाकार होतो तो मधल्या पिढ्यांत. अशी पेशी असते हे टोरांटोत टिल आणि मॅकुलक यांनी १९६१ मध्ये दाखवले. किरणोत्साराने मज्जा मारलेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदराची मज्जा टोचली आणि प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजल्या.

वय ७४. तब्येत ठणठणीत. मुलाने हौसेने मोठे आरोग्य पॅकेज करून घेतले, त्यात जनुक तपासणीत 'डीएनएमटी-३ए, ६ टक्के' असे आले. हा रक्ताचा कर्करोग आहे का? – निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही नीट असतील, तर या अवस्थेला क्लोनल हिमॅटोपॉयसिस म्हणतात. एका मूळपेशीत बिघाड झाला आणि तिची पिलावळ इतरांपेक्षा थोडी जास्त वाढली, इतकाच त्याचा अर्थ. सत्तरी ओलांडलेल्यांत निदान दहातल्या एकाकडे हे सापडते, असे २०१४ च्या मोठ्या अभ्यासांतून पुढे आले. अधिक बारीक तपासणी केली तर आणखी कितीतरी जणांकडे सापडते.

सहा टक्क्यांचा अर्थ नीट लावा. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि बिघाड सहसा एकीतच असतो. म्हणजे तुमच्या रक्तातल्या साधारण १२ टक्के पेशी त्या एका मूळपेशीच्या वंशातल्या. नोंद घेण्याची मर्यादा २ टक्के धरतात.

डीएनएमटी-३ए हे नवे कुलूप लावणारे विकर. ते अधू झाले की मूळपेशीला 'मूळपेशी' ठेवणारी जनुके वेळेवर बंद होत नाहीत. ती पुढच्या पायरीवर जायला टाळाटाळ करते आणि स्वतःच्याच प्रती काढत राहते. यानंतर सर्वांत जास्त सापडणारा बिघाड टीईटी-२ चा, आणि ते तर कुलूप काढायला मदत करणारे विकर! लावणारा गेला तरी वंश वाढतो, काढणारा गेला तरी वाढतो. हे चमत्कारिक वाटते, पण टीईटी-२ नसले की परिपक्व होण्याच्या वाटेवरची दारे उघडत नाहीत. शेवट तोच: पेशी मुळाशीच रेंगाळते.

या गटात रक्ताचा कर्करोग होण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे अर्धा ते एक टक्का. पण हा सरसकट आकडा आहे. तुमच्यासारखा फक्त डीएनएमटी-३ए चा एकटा, लहान वंश सर्वांत सौम्य गटात मोडतो. काळजी वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या: टीपी-५३ या जनुकातला किंवा स्प्लायसिंगच्या (जनुकाच्या संदेशाची काटछाट करणाऱ्या) जनुकांतला बिघाड, एकापेक्षा जास्त बिघाड, २० टक्क्यांवर गेलेला आकडा, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर, आरडीडब्ल्यू (त्यांच्या आकारांतला फरक) १५ किंवा जास्त, आणि कुठल्याही एका प्रकारच्या पेशींची टिकून राहिलेली कमतरता. यातले एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू प्रत्येक साध्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर छापलेले असतात, कुणी पाहत नाही एवढेच.

आता करायचे ते असे. तीन महिन्यांनी एकदा सीबीसी, बदल नसेल तर पुढे वर्षातून एकदा. जनुक तपासणी दर सहा महिन्यांनी करू नका, त्यातून निर्णय बदलत नाही आणि झोप मात्र जाते. कुठलेही औषध लागत नाही. हृदयाकडे मात्र लक्ष द्या. या वंशातल्या दाहक पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जास्त दाह निर्माण करतात, आणि हृदयविकाराचा धोका अशा लोकांत वाढलेला आढळला आहे. रक्तदाब, एलडीएल, साखर, तंबाखू: जे तुमच्या हातात आहे ते इथे आहे. मुलांना तपासायची गरज नाही, हा बिघाड आयुष्यात नंतर झालेला असतो. लक्षण नसताना ही तपासणी पॅकेजमध्ये घालणे आम्हाला पटत नाही.

आईला (६८) एमडीएस (मज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार) आहे. ॲझासिटिडिनची दोन आवर्तने झाली. प्लेटलेट आधीपेक्षाही उतरल्या, तरी डॉक्टर म्हणतात चालू ठेवा. आणि इंजेक्शन दुधासारखे गढूळ दिसते, ते खराब तर नाही? – हडपसर

डॉक्टर बरोबर सांगत आहेत, आणि इंजेक्शन गढूळच असायला हवे.

आधी औषधाची कामाची रीत. ॲझासिटिडिन प्रथम १९६० च्या दशकात प्रागमध्ये तयार झाले, ते पेशी मारणारे औषध म्हणून. १९८० मध्ये लॉस एंजलिसमध्ये जोन्स आणि टेलर यांनी दाखवले की त्याने डीएनएवरची मेथिलची कुलपे उतरतात. ते 'सी' अक्षराचा वेष घेऊन डीएनएमध्ये शिरते. कुलपांची नक्कल करायला आलेले डीएनएमटी-१ त्याला चिकटते आणि तिथेच अडकते. पुढच्या दुभंगण्यात नव्या साखळीवर कुलपे लागत नाहीत, त्याच्या पुढच्यात आणखी कमी. म्हणजे परिणाम दिसायला पेशींना अनेकदा दुभंगावे लागते. औषध रक्तात फार काळ टिकत नाही, म्हणून ते सात दिवस द्यावे लागते आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. पहिल्या एक-दोन आवर्तनांत बिघडलेला वंश दबतो, पण निरोगी वंशाने जागा घेतलेली नसते. आकडे खाली जातात ते या मधल्या काळात. आजार उघड वाढत नसेल तर सहा आवर्तनांआधी 'उपयोग नाही' असा निष्कर्ष काढू नये. सर्वांत जास्त नुकसान होते ते दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनानंतर घाबरून सोडणाऱ्यांचे.

आता इंजेक्शन. नेहमीची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम. आईचे क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर धरले तर रोज सुमारे ११२ मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅमच्या कुपीत ४ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातले की २५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होते, म्हणजे साडेचार मिलिलिटर. चारपेक्षा जास्त असल्याने ते दोन सिरिंजमध्ये वाटून दोन वेगळ्या जागी टोचायचे. कातडीखाली द्यायचे हे मिश्रण विरघळत नाही, तरंगत राहते. ते गाळायचे नाही. टोचण्यापूर्वी सिरिंज दोन्ही तळव्यांत जोराने फिरवून सगळीकडे सारखे गढूळ करून घ्यायचे. तळाशी बसू दिले तर औषधाचा काही भाग सिरिंजमध्येच राहतो.

कालवल्यावर साध्या तापमानात तासाभरात टोचले पाहिजे. त्यामुळे कॅम्पातून कालवून घ्यायचे आणि मगरपट्ट्यापर्यंत रिक्षातून न्यायचे, हा बेत करू नका. नंतर द्यायचे असेल तर कालवताच फ्रिजमध्ये: साध्या पाण्याने कालवलेले आठ तास, फ्रिजमधल्या थंड पाण्याने कालवलेले बावीस तास. हातमोजे घालूनच हाताळायचे आणि घरातल्या गरोदर बाईने अजिबात नाही. जागा रोज बदला: मांडी, पोट, दंड. जुन्या जागेपासून निदान एक इंच दूर, लाल किंवा कडक झालेली जागा टाळून.

रविवारी डे-केअर बंद असतो म्हणून सातवा डोस चुकला, असेही तुम्ही लिहिले आहे. सोमवारी सुरू करून शुक्रवारपर्यंत पाच, शनिवार-रविवार सुट्टी आणि पुढचे सोमवार-मंगळवार दोन, ही पद्धत सर्रास वापरतात. पुढच्या वेळी आधीच विचारून ठेवा. उलटी थांबवणाऱ्या गोळीने मळ घट्ट होतो, त्यावरचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. आणि ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे.

क जीवनसत्त्वाने कुलपे उघडतात म्हणे. रोज किती घ्यावे? – सिंहगड रस्ता

टीईटी-२ ला काम करायला लोह आणि क जीवनसत्त्व लागते हे खरे. २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचा मूळपेशींवर परिणामही दिसला. त्यावरून माणसाने गोळ्या खाव्यात असे निघत नाही. पेरू, आवळा खा. रोज काही ग्रॅमच्या गोळ्यांनी मूतखडा होऊ शकतो.

मी शाकाहारी. बी-१२ कमी आले. 'मेथिल' असलेल्याच गोळ्या घ्या, त्याने जनुके सुधारतात, असे दुकानदार म्हणतो. त्यात तथ्य किती? – सदाशिव पेठ

गोळी घ्या, पण दुकानदाराच्या कारणासाठी नको. मेथिलकोबालामिनवरचा मेथिल गट पेशीत शिरताच काढून टाकला जातो आणि पेशी स्वतःला हवे ते रूप नव्याने बनवते. स्वस्तातले सायनोकोबालामिनही त्याच वाटेने जाते.

बी-१२ आणि फोलेट यांचा मेथिल गटांशी संबंध आहेच. शरीरातले मेथिल गट ज्या चक्रातून फिरतात त्यात दोन्ही लागतात. पण बी-१२ कमी पडल्यावर होणारा पंडुरोग हा प्रामुख्याने कुलपांचा दोष नव्हे. डीएनएचे 'टी' अक्षर पुरेसे बनत नाही, केंद्रकाची वाढ मागे पडते आणि बाकीची पेशी वाढत राहते. म्हणून पेशी मोठ्या, एमसीव्ही चढलेला.

इथे पुण्यातल्या वाचकांसाठी एक इशारा. बी-१२ ची मोठी कमतरता मज्जेत हुबेहूब एमडीएससारखी दिसू शकते: तिन्ही प्रकारच्या पेशी कमी, एमसीव्ही ११० च्या वर, एलडीएच प्रचंड. महागड्या जनुक तपासणीआधी बी-१२, फोलेट आणि गरज पडल्यास तांबे तपासलेच पाहिजे. रक्ताचा नमुना बी-१२ चे इंजेक्शन घेण्यापूर्वी द्या. एकदा टोचले की पातळी वर दिसते आणि निदान हातचे जाते. पातळी दर मिलिलिटरला २०० ते ३०० पिकोग्रॅममध्ये अडकली तर होमोसिस्टीन किंवा मेथिलमॅलोनिक आम्ल पाहतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. उपचार लागू पडला की पाच ते आठ दिवसांत रेटिक्युलोसाइट (कोवळ्या तांबड्या पेशी) उसळतात, हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत जागेवर येते. तसे झाले नाही तर निदान पुन्हा तपासायचे. नुसते फोलिक ॲसिड मात्र घेऊ नका. रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांची हानी चालूच राहते.

आईच्या आहाराच्या खुणा मुलात राहतात का, हाही तुमचा प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, पण चरबी त्या मानाने जास्त. ज्या आयांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वाधिक दिसला. हा संबंध आहे. कुलपांमार्फतच घडतो हे त्याने सिद्ध होत नाही. कुलूप टिकते याचा चांगला नमुना नेदरलँड्सचा. १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भधारणा झालेल्यांच्या रक्तपेशींत साठ वर्षांनी आयजीएफ-२ जनुकावरचे मेथिल थोडे कमी आढळले. केंद्रक असलेल्या रक्तपेशींपैकी बहुतेक काही तास ते काही दिवस जगतात. साठ वर्षे खूण टिकली, म्हणजे ती मूळपेशींतून उतरत आली असली पाहिजे.

नाळेच्या रक्तातून सीडी-३४ पेशी (मूळपेशी ज्यांत असतात तो गट) वेगळ्या करून बायसल्फाइट पद्धतीने मेथिल मोजतो आहे. कधी पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढण्याची पद्धत) येतच नाही, कधी सगळेच 'सी' मेथिल असलेले दिसतात. – एमएस्सीचा विद्यार्थी, गणेशखिंड

दोन वेगळे दोष आहेत. बायसल्फाइटने साधा 'सी' बदलून 'यू' होतो, मेथिल असलेला तसाच राहतो. ज्या 'सी' पुढे 'जी' नाही ते रक्तपेशींत जवळपास सगळे बदललेच पाहिजेत. तेही 'सी' दिसत असतील तर रूपांतर अपुरे झाले आहे, मेथिल नव्हे. कारण बहुधा असे: बायसल्फाइट फक्त सुट्या साखळीवर चालते, आणि डीएनएत प्रथिन उरले किंवा तो जास्त घातला तर साखळ्या नीट सुटत नाहीत. प्रोटीनेज-के ची पायरी लांबवा, ५०० नॅनोग्रॅमच्या वर जाऊ नका आणि प्रत्येक खेपेला मेथिल नसलेला लॅम्डा डीएनए सोबत ठेवा. ९९ टक्क्यांच्या खाली रूपांतर असलेला निकाल फेकून द्या.

पीसीआर येत नाही तेव्हा पॉलिमरेज (प्रती काढणारे विकर) पाहा. चुका दुरुस्त करणारी बरीच विकरे 'यू' दिसताच थांबतात. साधे हॉट-स्टार्ट टॅक वापरा. बायसल्फाइटने डीएनएचे तुकडे पडतात, तेव्हा १५० ते ३०० अक्षरांपेक्षा लांब भाग मागू नका. प्रायमर २६ ते ३० अक्षरांचे, त्यात 'सीजी' नको.

पेशींचा हिशेबही करा. एका पेशीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए, म्हणजे ५०० नॅनोग्रॅमला सुमारे ७५ हजार पेशी. एककेंद्रकी पेशींत सीडी-३४ जेमतेम एक टक्का. १.०७७ घनतेच्या फायकॉलवर ४०० जी, ३० मिनिटे, ब्रेक बंद, आणि द्रव २० अंशांवर. फ्रिजमधून काढून लगेच वापरला की थर बिघडतो. चुंबकी स्तंभातून एकदा काढलेला नमुना पुरेसा शुद्ध नसतो, दुसऱ्यांदा काढा आणि फ्लोवर (पेशी मोजण्याच्या यंत्रावर) टक्केवारी तपासा.

अर्थ लावताना आणखी दोन खड्डे. सीडी-३४ पेशींतल्या खऱ्या मूळपेशी थोड्याच, बाकी पुढे निघालेल्या. सीडी-३८ नसलेल्या वेगळ्या केल्याशिवाय 'मूळपेशीत असे' लिहू नका. आणि बायसल्फाइटला मेथिल व टीईटीने बनवलेला हायड्रॉक्सिमेथिल यांतला फरक कळत नाही.

आमच्या समाजात थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनच्या जनुकाची एकच प्रत बिघडलेले) लोक खूप. कुलूप उघडून बाळपणीचे हिमोग्लोबिन परत आणता येते, हे खरे का? – पिंपरी

खरे आहे. गर्भात गॅमा-ग्लोबिन हे बाळाच्या हिमोग्लोबिनचे जनुक चालू असते, जन्मानंतर काही महिन्यांत बीसीएल-११ए हे प्रथिन सोबत्यांना बोलावून ते बंद करवते. ॲझासिटिडिन देऊन गर्भातले हिमोग्लोबिन वाढते हे एका रुग्णात १९८२ मध्येच दिसले. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने मान्य केलेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी काढतात, बीसीएल-११ए ला तांबड्या पेशींत चालू करणारा डीएनएचा तुकडा जनुकांच्या कात्रीने (क्रिस्पर) मोडतात आणि परत देतात. प्रथिनाचे जनुक शाबूत राहते, कारण इतर पेशींना ते लागते. आधी बुसल्फान या औषधाने जुनी मज्जा रिकामी करावी लागते. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर.

तुमच्या कामाचे त्याहून स्वस्त आहे. लग्न ठरण्याआधी दोघांचे एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासा. ३.५ टक्क्यांच्या वर म्हणजे सहसा मायनर. लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा खाली दिसतो, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) सोबतच पाहा. दोघेही मायनर असले तर गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होते. त्यासाठी दोघांचे नेमके बिघाड आधी शोधून ठेवावे लागतात. त्याला काही आठवडे जातात, तेव्हा दिवस राहण्याआधीच तो कागद घरात असू द्या.